बटण हाताला कळलं पाहिजे

आज बोलायचंय गाणी वाजवणाऱ्या छोट्या डब्याबद्दल. कुणी त्याला स्पीकर म्हणतं, कुणी प्लेअर. भजनाला, गटाच्या बैठकीला, शेंगा फोडताना, नाहीतर घरी एकट्या असणाऱ्या आजीला सोबत म्हणून हा डबा आता बऱ्याच घरांत आलाय. घेताना आपण रंग बघतो, लुकलुकणारे दिवे बघतो, आवाज किती मोठा ते बघतो. बटणं मात्र कुणी बघत नाही, आणि घरी आल्यावर अडतं ते तिथंच.

कुणी म्हणेल, मोबाइल असताना हा डबा कशाला? अहो, मोबाइल बऱ्याच घरांत एकाच्याच खिशात असतो, आणि तो खिसा सकाळीच घराबाहेर पडतो. शिवाय काचेवर बोट फिरवायला हात कोरडा हवा, नजर चांगली हवी. पिठाचे हात चालत नाहीत. मोतीबिंदू असला तर त्या बारीक खुणा दिसत नाहीत. बटण चाचपून दाबता येतं. कुणाला हाक मारावी लागत नाही, कुणाची वाट बघावी लागत नाही. आपलं गाणं आपल्या हातानं लावायचं, यासाठीच तर हा डबा घ्यायचा.

मग बटणं कशी बघायची?

पहिली गोष्ट, एका बटणाला एकच काम असावं. बऱ्याच स्वस्त डब्यांवर आवाज आणि पुढचं गाणं एकाच बटणावर असतं. झटकन दाबलं तर गाणं बदलतं, दाबून धरलं तर आवाज वाढतो. काही डब्यांत याच्या उलट असतं. सांधे धरलेलं बोट पटकन उठत नाही. मग आजीला हवं असतं पुढचं भजन आणि डबा लागतो ओरडायला. दोनदा असं झालं की ती डब्याला हात लावायचंच सोडते. म्हणून आवाजाची बटणं वेगळी हवीत. गोल फिरवायचं बटण असेल तर फारच छान, किती फिरवलं ते हातालाच कळतं.

दुसरी गोष्ट, चालू-बंद करायला सरकता खटका असावा. दाबून धरायचं बटण असलं की डबा खरंच बंद झाला का, हे कळत नाही. तो रात्रभर चालू राहतो आणि सकाळी बॅटरी संपलेली असते.

तिसरी गोष्ट, बटणं उठावदार आणि एकमेकींपासून लांब असावीत. गाणं सुरू करायच्या बटणावर नेलपॉलिशचा एक जाड थेंब ठेवा. वाळला की अंधारातही बोट बरोबर तिथंच जाईल.

चौथं बटण असतं ‘मोड’चं. ते दाबलं की डबा रेडिओवरून कार्डावर, कार्डावरून ब्लूटूथवर जातो. किती वेळा दाबल्यावर काय लागतं, हे दुकानातच मोजून घ्या.

आता गाण्यांचं. साधारण दर्जाचं एम. पी. थ्री गाणं मिनिटाला अंदाजे एक एम. बी. जागा घेतं. म्हणजे १६ जी. बी.च्या कार्डावर पाच मिनिटांची तीन हजारांवर गाणी बसतात. पण बटणाच्या डब्यात नाव टाकून गाणं शोधता येत नाही, एकेक पुढं ढकलावं लागतं. तीन हजारांत आपला अभंग कधी सापडायचा? त्यापेक्षा पन्नास-साठ गाणीच भरा. भजनाचं कार्ड वेगळं, लग्नगीतांचं वेगळं. सारेगामाच्या ‘कारवां’सारख्या डब्यात हजारो गाणी आधीच भरलेली असतात. तो महाग पडतो, पण कार्ड भरून द्यायला घरात कुणी नसेल तर सोयीचा.

कीर्तन ऐकणारीनं आणखी एक तपासावं. डबा बंद करून परत लावला तर जिथं थांबलं तिथूनच सुरू होतं का? नाहीतर तासाभराचं कीर्तन रोज नमनापासून ऐकावं लागेल.

आपल्या गटातली कुणी जात्यावरच्या ओव्या म्हणत असेल, तर त्याही कार्डावर घ्या. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आवाज बऱ्याच डब्यांत वाजत नाही, कारण त्याची फाइल वेगळ्या प्रकारची असते. ती एम. पी. थ्री करून द्या, असं कार्ड भरणाऱ्याला सांगायचं.

रेडिओ ऐकायचा तर ओढून लांब करायची एरियल असलेला डबा घ्या. आपल्या सामुदायिक रेडिओचं प्रक्षेपण लहान असतं, दहाएक किलोमीटरच्या परिसरापुरतं. खिशातल्या लहान प्लेअरमध्ये बऱ्याचदा इअरफोनची वायर हीच एरियल असते. वायर काढली की खरखर सुरू. आणि शेतात, रस्त्यानं दोन्ही कान बंद करून चालू नका. गाडीचा आवाज, कुणाची हाक ऐकू यायला हवी.

बॅटरी शक्यतो बदलता येणारी घ्या. चार्जरवर भारतीय मानक ब्युरोची खूण बघा. फुगलेली बॅटरी वापरू नका, टोचू नका, चुलीत तर मुळीच टाकू नका, ती पेट घेते. पक्की पावती घ्या आणि वॉरंटीच्या कार्डावर शिक्का मारून घ्या.

शेवटचं आणि महत्त्वाचं. डबा जिच्यासाठी घ्यायचा, तिलाच दुकानात न्या. गटासाठी घेताना सगळ्यांत वयस्कर मावशीला न्या. डबा त्यांच्या हातात द्या, डोळे मिटायला सांगा. चालू करणं, आवाज कमी करणं, पुढचं गाणं लावणं, बंद करणं, ही चार कामं त्यांना जमली तर पैसे मोजा. नाही जमली तर दुसरा डबा दाखवायला सांगा. दुकानदार घाई करेल, करू दे. पैसे आपले आहेत.

ऐकत राहा, आणि आपल्या हातानं लावून ऐका. नमस्कार!