गिरानाचे बाळ नव्हे



शेवगाव तालुक्याच्या उत्तरेला, जायकवाडीच्या फुगवट्याच्या बाजूला एका भिल्ल वस्तीवर गेल्या वर्षी बाळंतिणीला भेटायला गेलो होतो. आम्हाला पाहताच तिने बाळाच्या तोंडावर पदर ओढला. मी काही विचारण्याआधीच सासूबाईंनी उत्तर दिले, "गिरान पाळलं नाय हिनं. विळी घेऊन बसली व्हती." बाळ बारा दिवसांचे होते. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला, आतली टाळूही उघडी. आई एक शब्द बोलली नाही. बाप बाहेर बाभळीखाली बसून राहिला, आत आलाच नाही.

गरोदर बाईने ग्रहणात काही चिरले-कापले तर बाळाचा ओठ फाटतो, ही समजूत केवळ वस्त्यांवरची नाही. आपल्या मंडळीतल्या घरांतही ग्रहणाच्या दिवशी सुनेला आत बसवणारी माणसे मला माहीत आहेत. म्हणून आधी हे नीट सांगतो. पोटातल्या बाळाचा चेहरा वेगवेगळ्या भागांतून तयार होतो आणि ते भाग मध्यभागी येऊन जुळतात. वरचा ओठ साधारण सातव्या आठवड्यापर्यंत जुळतो, टाळू दहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत. जुळणे राहून गेले की फट राहते. म्हणजे पुष्कळ बायांना दिवस गेल्याची नीट खात्रीही नसते, तेव्हाच हे घडून गेलेले असते. त्या आईने सहाव्या महिन्यात विळी हातात घेतली असेल, तर ओठ त्याच्या कितीतरी आधी जसा व्हायचा तसा झालेला होता.

मग कारण काय? काही घराण्यांत हे पिढ्यांमधून येते. गरोदरपणात तंबाखू, फिट्सवरची काही औषधे, आईचा मधुमेह, आहारात फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता यांचाही संबंध असू शकतो. पण बहुतेक बाळांच्या बाबतीत नेमके एक कारण सापडत नाही. ही यादी वाचून कोणी त्या बाईला "तू मिश्री लावत होतीस ना?" असे विचारायला जाऊ नये. ग्रहणाचे बोट काढून मिश्रीचे बोट दाखवले, तर तिच्यासाठी काय बदलले?

लोकांना वाटते की आईबापांना दुःख चेहऱ्याचे असते. असतेच. पण पहिल्या महिन्यांतली खरी झीज दुधाची असते. नुसता ओठ दुभंगला असेल तर बाळ बहुधा अंगावर पिऊ शकते. टाळू उघडी असली की त्याला दूध ओढताच येत नाही, तोंडात पोकळी धरली जात नाही. दूध नाकातून येते, ठसका लागतो, बाळ निळे पडते की काय म्हणून आई घाबरते आणि पाजणे थांबवते. उपाय साधा आहे, पण वेळखाऊ. अंगावरचे दूध स्वच्छ हाताने वाटीत काढायचे, बाळाला जवळजवळ बसते धरायचे आणि बोंडल्याने किंवा चमच्याने थोडे थोडे पाजायचे, मध्ये मध्ये ढेकर काढायची. दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा, दर वेळी अर्धा तास. दूध काढण्याचा वेळ वेगळा. हिशेब करून पाहा, त्या बाईला सलग दोन तास झोप कधी मिळणार? आणि एवढे करूनही काटा हलला नाही की घरात पुन्हा तिच्याच नावाने बोलणे.

वजनाचा काटा महत्त्वाचा आहे, कारण शस्त्रक्रिया त्यावर अडते. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान करतात. त्यासाठी डॉक्टर बाळाचे वजन साडेचार किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन दहा असावे असे बघतात. टाळूची शस्त्रक्रिया पुढे, साधारण नऊ ते अठरा महिन्यांत, म्हणजे बोलणे बिघडण्याच्या आत. त्या बाळाला चौथ्या महिन्यात घेऊन गेलो आणि वजन कमी म्हणून परत आलो. डॉक्टरांचे बरोबरच होते. पण परतीच्या एस.टी.त त्या आईचा चेहरा परीक्षेत नापास झालेल्या मुलीसारखा होता.

पैशांचा प्रश्न पूर्वीइतका राहिलेला नाही. पंढरपूरला जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित १९६८ पासून भारतात येऊन अशा शस्त्रक्रियांची मोफत शिबिरे घेत. स्वतः अपघाताने अपंग झाल्यावरही त्यांनी हे काम सोडले नाही. २०११ मध्ये ते वारले. आज राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (तो २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला) दुभंगलेला ओठ व टाळू यांचा समावेश आहे. त्याचे पथक अंगणवाडीत येऊन मुले तपासते. ग्रामीण रुग्णालयात किंवा आशाताईंकडे चौकशी केली तरी वाट सापडते.

अडते ते दुसरीकडे. आपल्या भागात दसरा-दिवाळीनंतर वस्त्या रिकाम्या होतात. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि उचल त्या जोडीवर घेतलेली असते. बायको दवाखान्यात राहिली की कोयता अर्धा होतो, खाडा पडतो, उचल फिटत नाही. शस्त्रक्रियेची तारीख जानेवारीत आली तर ती मोफत असूनही या घराला परवडत नाही. बाभळीखाली बसलेल्या त्या बापाला मी मनातून निष्ठुर ठरवले होते. पुढे त्याच्याशी बोललो तेव्हा कळले, त्याने उचल बाळंतपणाच्या आधीच घेतली होती आणि ती खर्चही झाली होती. तो रात्री झोपत नव्हता. हे त्याने बायकोलासुद्धा सांगितले नव्हते.

आता आपल्याबद्दल. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशू दोन्ही उत्तरे नाकारतो. हा उतारा मी कितीदा शिकवला असेल. तरी कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका आईला मी सहज म्हणून गेलो होतो, "देवाची इच्छा, ताई." तिने विचारले, "मग त्यानंच केलं व्हय असं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ठीक होते. ते बोलू लागले तिथे बिघडले.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० पासून गावातल्याच, फारशा न शिकलेल्या बायांना आरोग्याचे काम शिकवले. बाळंतिणीच्या घरी रोज जाऊ शकणारी बाई शेजारची असते, डॉक्टर नसतो. महिला मंडळातल्या दोघींनी आळीपाळीने जाऊन दुपारचे एक पाजणे सांभाळले, तर आई दोन तास झोपते. पाजायची रीत आधी आशाताई किंवा नर्सबाईंकडून नीट शिकून घ्यावी. वजनाच्या दिवशी सोबत जावे. बाळाला "बिच्चारं" न म्हणता नावाने हाक मारावी. समर्पणाची प्रार्थना शस्त्रक्रियेपर्यंत पुढे ढकलू देऊ नये. "ओठ बरा झाला की मंडळीत आणू" असे मी किती घरांत ऐकले आहे!

बाळ झोपले तरी आईला झोप येत नसेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ ती रडत असेल, जेवत नसेल, बाळाकडे पाहतच नसेल, तर तिला डॉक्टरांकडे न्यावे. हे प्रार्थनेच्या आड येत नाही. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत आणि मोफत बोलता येते. स्वतःला किंवा बाळाला संपवण्याचे बोलत असेल तर तिला एकटे सोडू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बापालाही हेच लागू.

त्या बाळाच्या ओठाची शस्त्रक्रिया सातव्या महिन्यात झाली. टाके पाहून आई रडली. मला वाटले आनंदाने. नंतर म्हणाली, "ह्यो माझा वाटंना, साहेब. त्याचं हसूच बदललं." दोन दिवसांनी बोंडले बघून बाळ नव्या ओठाने हसले, तेव्हा तीही हसली.

टाळूची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे, आणि तारीख पुन्हा कोयत्याच्या हंगामात येते आहे. या वेळी बाप एकटा जाईल आणि खाड्याची भरपाई आपण करावी, असे आम्ही मुकादमाशी बोलून ठरवत आहोत. दवाखान्यात आईसोबत राहायला एक बाई हवी. ज्यांना जमेल त्यांनी पाळकसाहेबांकडे नाव द्यावे.