ऑफिसातील हिरव्या भिंती: आरोग्याला खरोखर फायदा होतो का?

तिसगावसारख्या गावात दवाखाना चालवताना सुट्टीच्या दिवशी एक वेगळीच गर्दी असते. पुण्यात नोकरीला गेलेली मुले-मुली दोन दिवसांसाठी घरी आलेली असतात आणि आई-वडील त्यांना "एकदा दाखवून घे" म्हणून घेऊन येतात. तक्रारी बहुतेक सारख्याच असतात. डोळे चुरचुरतात, दुपारनंतर डोके जड होते, नाक चोंदते, घसा कोरडा पडतो. गंमत म्हणजे गावी आल्यावर दुसऱ्या दिवशी बरे वाटते आणि सोमवारी ऑफिसात पाऊल टाकले की पुन्हा सुरू.

अशाच एका मुलाच्या वडिलांनी मला विचारले, "डॉक्टरसाहेब, याच्या ऑफिसात तर भिंतीवर झाडं लावलीत. सगळी भिंत हिरवीगार. मग हवा चांगलीच असणार ना?" प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून हा लेख.

हिरवी भिंत म्हणजे नेमके काय?

हिरव्या भिंतींचे ढोबळ मानाने दोन प्रकार असतात.

• जमिनीतून वर चढणाऱ्या वेलींची भिंत: वेलीचे मूळ मातीत असते आणि ती जाळीवर किंवा तारेवर चढते. आपल्याकडे दारापुढचा वेलाचा मांडव असतो, तोच प्रकार उभा केला असे समजा.
• जिवंत भिंत: यात झाडे भिंतीवरच लावलेल्या कप्प्यांत, पिशव्यांत किंवा जाड कापडात वाढतात. पाणी आणि खत पंपाने नळ्यांतून दिले जाते. जास्तीचे पाणी खाली पन्हाळीत जमा होते.

ही दुसरी कल्पना फार नवी नाही. अमेरिकेतील स्टॅनली हार्ट व्हाइट यांनी १९३८ मध्येच अशा रचनेचे पेटंट घेतले होते. पुढे फ्रान्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लाँ यांनी ती जगभर लोकप्रिय केली. आज पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत, मॉलमध्ये आणि दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांतही अशा भिंती दिसतात.

झाडे खोलीतील हवा शुद्ध करतात का?

हा समज बराचसा १९८९ च्या एका अभ्यासावरून पसरला. नासाचे शास्त्रज्ञ वुल्व्हर्टन यांनी हवाबंद पेटीत झाडे ठेवून पाहिले. बेंझीन, फॉर्माल्डिहाइड यांसारखे रंग, फर्निचर आणि प्लायवूड यांतून निघणारे वायू त्या पेटीत कमी झाले. अभ्यास खरा होता, पण ती लहानशी बंद पेटी होती. आपल्या खोलीला दारे, खिडक्या, फटी असतात आणि हवा सतत आत-बाहेर होत असते.

२०१९ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशोब मांडला. नुसती हवा खेळती ठेवून जितके वायू बाहेर जातात, तितके झाडांनी शोषून घ्यायचे तर जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरला किमान १० ते कमाल १,००० झाडे लागतील, असे त्यांना आढळले. म्हणजे दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीत कमीत कमी नव्वदेक कुंड्या! मग माणसाने बसायचे कुठे?

काही महागड्या जिवंत भिंतींत पंख्याने खोलीतील हवा मुळांमधून ओढून घेतात. त्यांचे काम साध्या कुंडीपेक्षा चांगले होते. पण तेही यंत्रच आहे. त्याची देखभाल करावी लागते आणि तो खिडकीला पर्याय नाही.

मग त्या मुलाचे डोके का दुखत होते?

विशिष्ट इमारतीत असतानाच त्रास होतो आणि बाहेर पडल्यावर तो कमी होतो, याला वैद्यकशास्त्रात 'आजारी इमारतीचा त्रास' अशा अर्थाचे नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकात याकडे लक्ष वेधले. एसीचा खर्च वाचवण्यासाठी इमारती घट्ट बंद होऊ लागल्या, त्याच काळात हा त्रास ठळकपणे दिसू लागला.

कारणे साधारण अशी असतात:

• बाहेरची ताजी हवा आत न येणे. बहुतेक स्प्लिट एसी खोलीतीलच हवा थंड करून पुन्हा सोडतात. ते बाहेरून हवा आणत नाहीत.
• माणसांच्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड साठणे. मोकळ्या हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असते. बंद, भरलेल्या खोलीत ते १,००० च्या वर गेले, की तेथे हवा बदलत नाही असे समजावे.
• एसीच्या जाळीत धूळ, ओल आलेल्या भिंतीवर बुरशी.
• स्क्रीनकडे टक लावून बसल्याने पापण्या कमी मिटणे आणि त्यामुळे डोळे कोरडे पडणे.

त्या मुलाच्या ऑफिसात हिरवी भिंत होती, पण एकही खिडकी उघडत नव्हती. मी त्याला दर तासाला पाच मिनिटे बाहेर जायला सांगितले. मॅनेजरला भेटून एसीची साफसफाई आणि ताज्या हवेची सोय याबद्दल विचारायलाही सांगितले. औषधाची चिठ्ठी अगदी लहान होती.

हवा खेळती असण्याचे महत्त्व डोकेदुखीपुरते नाही. क्षयरोग, फ्लू, कोविड हे सगळे बंद जागेत जास्त पसरतात. खोकणाऱ्या माणसाच्या शेजारी झाड आहे की नाही, याने फरक पडत नाही. खिडकी उघडी आहे की नाही, याने पडतो.

मग झाडे लावूच नयेत का?

जरूर लावावीत. फक्त फायदा कशात आहे ते ओळखावे.

पहिला फायदा मनाला होतो. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा कडक वेदनाशामके कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. रुग्ण मोजकेच होते, ४६. पण हिरवळ पाहून ताण हलका होतो, हे पुढील अनेक अभ्यासांतही दिसले आहे.

दुसरा फायदा उष्णतेपासून संरक्षणाचा. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर ऊन पडते आणि ती भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता आत सोडत राहते. त्या भिंतीवर बाहेरून वेल चढवला तर सावली मिळते. शिवाय पानांतून पाणी बाफ होऊन उडताना हवाही थोडी थंड होते. आपल्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत बसणाऱ्यांना हा फरक कळतो. वयस्कर माणसे, बीपी आणि हृदयाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया यांना उष्णतेचा त्रास लवकर होतो, म्हणून त्यांच्यासाठी याचे मोल जास्त.

चांगली इमारत फक्त झाडांनी होत नाही, हे पाहायचे तर पुण्यात हडपसरला सुझलॉन कंपनीचे 'वन अर्थ' हे मुख्यालय आहे. वास्तुविशारद ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी ते आखले. झाडे आणि पाणी तेथे आहेच, पण बैठी मांडणी, मधले चौक, ऊन अडवणाऱ्या पट्ट्या आणि कामाच्या जागेपर्यंत पोहोचणारा दिवसाचा उजेड हा त्या रचनेचा गाभा आहे. त्या इमारतीला हरित इमारतींची वरच्या दर्जाची मानांकने मिळाली आहेत. आपल्या जुन्या वाड्यांतील जाड भिंती, मधला चौक आणि समोरासमोरच्या खिडक्या आठवा. तत्त्व तेच आहे.

माझ्या दवाखान्यातील चूक

काही वर्षांपूर्वी हौसेने मी माझ्या प्रतीक्षागृहाच्या एका भिंतीवर कुंड्यांची रांग लावली. खाली पाणी सांडू नये म्हणून प्रत्येक कुंडीखाली ताटली. काचेच्या बाटल्यांत मनी प्लांट. रुग्णांना आवडले, मलाही.

त्या पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले. मी प्रत्येकाला सांगत होतो, "घरात पाणी साचू देऊ नका." एका सकाळी झाडांना पाणी घालणाऱ्या मावशींनी मला बोलावले आणि ताटली पुढे धरली. स्वच्छ पाण्यात अळ्या वळवळत होत्या. बाटल्यांतही होत्या. तापाने फणफणलेली माणसे त्याच भिंतीखाली बसत होती. त्यांच्यापैकी कोणाला तेथे डास चावला का, हे कधीच कळणार नाही. पण त्या दिवसापासून मी झाडांबद्दल सल्ला देताना पाण्यापासून सुरुवात करतो.

डेंग्यूचा एडिस डास गटारात नव्हे, तर साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. तो दिवसा चावतो, म्हणजे नेमका ऑफिसच्या वेळेत. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यात महिनोन्महिने टिकतात, म्हणून पाणी नुसते ओतून न देता ताटली घासून धुवावी.

हिरवी भिंत लावताना काय काळजी घ्यावी?

• आधी खिडकी, मग झाड. समोरासमोर दोन खिडक्या उघडत असतील तर त्या उघडा. एसी असेल तरी दिवसातून काही वेळ हवा बदला.
• बाहेरच्या वेलीला प्राधान्य द्या. तिसगाव-पाथर्डीचा भाग अवर्षणप्रवण आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात पंपावर चालणारी जिवंत भिंत परवडत नाही आणि दोन दिवस वीज गेली की ती वाळते. जमिनीत मूळ असलेला मधुमालतीचा किंवा कृष्णकमळाचा वेल थोड्या पाण्यावर जगतो. दोडका किंवा घेवडा लावला तर भाजीही मिळते.
• जाळी भिंतीपासून अर्धा ते एक फूट दूर ठेवा. मधून हवा जाते आणि भिंतीला ओल येत नाही.
• ताटल्या, पन्हाळी आणि बाटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासा. मनी प्लांट पाण्याऐवजी मातीत लावा.
• भिंतीवर काळे डाग किंवा कुबट वास आला तर ती बुरशी आहे. झाडे हलवा, भिंत कोरडी करा.
• बंद खोलीत कीटकनाशक फवारू नका. शेतातले औषध ऑफिसच्या किंवा घराच्या कुंडीवर मारणे धोक्याचे आहे. कीड पडलेली पाने काढून टाका.
• लहान मुले येत असतील तर डिफेनबेकिया आणि मनी प्लांट त्यांच्या हाताला लागू देऊ नका. पाने चावल्यास तोंडाची आग होते, ओठ-जीभ सुजतात. तसे झाल्यास तोंड पाण्याने धुवा, उलटी करवू नका. श्वासाला किंवा गिळायला त्रास होत असेल तर लगेच दवाखान्यात न्या.

कोणी जास्त जपावे?

दमा, जुनी सर्दी किंवा धुळीची ॲलर्जी असलेल्यांनी ओल्या मातीच्या भिंतीला लागून बसू नये. किमोथेरपी घेणारे, अवयवरोपण झालेले किंवा दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे रुग्ण यांच्या खोलीत कुंडी ठेवू नये. मातीतील बुरशी त्यांच्या फुप्फुसांना गंभीर संसर्ग करू शकते. अशा रुग्णाला भेटायला जाताना कुंडी भेट नेऊ नका.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

• ऑफिसात गेल्यावर खोकला, छातीत घरघर किंवा धाप लागत असेल तर. ही नुसती डोकेदुखी नाही, दमा असू शकतो.
• दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या.
• ताप, अंगदुखी आणि डोळ्यांमागे दुखत असेल तर डेंग्यूचा विचार करा. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल घ्या. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक स्वतःहून घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.
• ताप उतरत असतानाच पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणे किंवा गुंगी असे काही दिसले तर थांबू नका, लगेच रुग्णालयात जा. डेंग्यूत धोका बऱ्याचदा ताप उतरल्यावरच सुरू होतो.

माझ्या प्रतीक्षागृहात आज कुंड्या कमी आहेत आणि खिडक्या उघड्या आहेत. पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून मधुमालती चढली आहे. दर रविवारी सकाळी मावशी आणि मी मिळून सगळ्या ताटल्या उलट्या करतो. तुमच्या ऑफिसात किंवा घरात हिरवी भिंत असेल, तर आज एवढेच करा: खाली वाका आणि पन्हाळीत डोकावून पाहा.