भाताच्या मुलुखात लिंबाचे स्कोन

नेरळचे स्थानक मागे टाकून कळंबच्या दिशेने जाऊ लागले म्हणजे उल्हास नदीच्या खोऱ्यातील जो सखल, बांधाबांधांनी विभागलेला मुलूख लागतो, त्यात पोशीर हे गाव वसलेले असून त्याच नावाची नदी या परिसरातून वाहत जाऊन उल्हासला मिळते. महसुली दप्तरात पूर्वी कुलाबा आणि १९८१ सालापासून रायगड या नावाने नोंदल्या गेलेल्या जिल्ह्यातील कर्जत तालुक्याचा हा आतला भाग. सह्याद्रीला अडलेला पाऊस येथे मुसळधार कोसळतो आणि त्या पावसावर पिकणारा भात हेच येथील मुख्य पीक होय. अशा ठिकाणाच्या संदर्भात मैदा, लोणी आणि लिंबाची साल यांपासून भट्टीत भाजून होणाऱ्या स्कोन नामक परदेशी पदार्थाचा विचार करणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु या पदार्थाचे शास्त्र जो बारकाईने पाहील त्याला असे आढळून येईल की, गव्हाच्या अंगच्या एका बलवान गुणाला आवर घालणे हाच स्कोनच्या कृतीचा गाभा असून, त्या कामी तांदळाच्या पिठाचे साहाय्य फार मोलाचे आहे.

स्कोन हा मूळचा स्कॉटलंडचा. ओट आणि जव यांच्या जाडसर पिठाचा गोल सपाट गोळा विस्तवावरील लोखंडी तव्यावर भाजून घेणे, हे त्याचे आद्य रूप. पुढे गव्हाचे पांढरे पीठ आणि बंदिस्त भट्टी घरोघर आली, आणि १८४३ मध्ये आल्फ्रेड बर्ड या इंग्रज रसायनज्ञाने, यीस्ट न सोसणाऱ्या आपल्या पत्नीसाठी, बेकिंग पावडर सिद्ध केली. तेव्हापासून पीठ तासन्‌तास आंबवण्याची आवश्यकता उरली नाही आणि स्कोनला त्याचे आजचे हलके, फुगीर रूप लाभले. आपल्याकडेही भट्टीवाचून भाजण्याची परंपरा जुनी आहे. तांदळाचा रवा, काकडीचा कीस आणि गूळ यांचे कोकणी धोंडस जाड बुडाच्या भांड्यात घालून, झाकणावर निखारे ठेवून, खालून-वरून विस्तव देऊन भाजले जाते. आणि ते कापल्यावर जी मोकळी, खुसखुशीत कड दिसते तिचे रहस्य तांदळाच्या घडणीतच दडलेले आहे.

ते समजून घेण्यासाठी एक साधा प्रयोग करावा. मैद्याचा घट्ट गोळा चांगला मळून, अर्धा तास झाकून ठेवून, मग पाण्याच्या बारीक धारेखाली बोटांनी हळूहळू चोळत धुवावा. आरंभी पाणी दुधासारखे पांढरे वाहते, कारण त्याबरोबर पिठातील स्टार्च निघून जात असतो. काही वेळाने पाणी निवळू लागते आणि हातात उरतो तो ताणला असता लांबणारा व सोडला असता आकसणारा एक करड्या रंगाचा चिवट लगदा. हेच ग्लुटेन. बोलोन्या येथील याकोपो बेक्कारी या वैद्यकाच्या पंडिताने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात गव्हाचे पीठ धुऊन ते वेगळे केले आणि १७४५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या गव्हातील दोन प्रथिनांना पाणी आणि मळण्याचे श्रम मिळाले की त्यांची परस्परांत गुंतलेली जाळी तयार होते. पावाला उंची आणि पोळीला लवचीकपणा देते ती हीच जाळी. आता हाच प्रयोग तांदळाच्या पिठाच्या गोळ्यावर करून पाहावा. पाण्याची धार लागताच तो विस्कटतो आणि हातात काहीही शिल्लक राहत नाही. तांदळात प्रथिने नसतात असे नव्हे, परंतु अशी जाळी विणणारी प्रथिने त्यात नसतात.

पाव करणाऱ्याला जो गुण हवासा, तोच स्कोन करणाऱ्याला नकोसा असतो. स्कोन हाताने सहज दुभंगला पाहिजे, त्याचा तुकडा दातांखाली ताणला न जाता विरघळला पाहिजे. म्हणून पाणी बेताचे, मळणे जवळजवळ नाहीच, आणि कोरड्या पिठाला आधी थंड लोणी चोळून घेणे, असे तिहेरी बंधन त्याच्या कृतीत घातलेले असते. लोण्याचा पातळ थर पिठाच्या कणांवर बसला की पाणी प्रथिनांपर्यंत पोहोचण्यास प्रतिबंध होतो. शिवाय लोण्यात सुमारे सोळा टक्के पाणी असते, आणि भट्टीच्या उष्णतेत त्याची वाफ होताना मूळ आकारमानाच्या सोळाशे पटींहून अधिक जागा ती मागते; लोण्याचे वाटाण्याएवढे घट्ट खडे पिठात राहिले असतील तर त्या त्या जागी पापुद्रे उचलले जातात. तुपात पाणी जवळजवळ नसल्यामुळे ते खुसखुशीतपणा देते, पापुद्रे देत नाही. लोणी ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळू लागते आणि कर्जतच्या परिसरात चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या आसपास जातो, ही गोष्ट ध्यानात घेता, उन्हाळ्यात हे काम पहाटे करावे आणि लोणी, परात व दही ही तिन्ही आधी शीतकपाटात गारठवून घ्यावीत, हे ओघानेच आले.

येथे तांदळाचा प्रवेश होतो. मैद्याचा पाचवा हिस्सा काढून त्या जागी तांदळाची बारीक पिठी घातली, तर जाळी विणणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण तेवढ्याने घटते. स्कॉटलंडातील शॉर्टब्रेड बिस्किटांतही याच कारणास्तव तांदळाचे पीठ मिसळण्याचा प्रघात आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र कर्जतला आहे आणि तेथे विकसित झालेले भाताचे वाण 'कर्जत' याच नावाने क्रमांकानिशी ओळखले जातात. तेव्हा या तालुक्यातील गृहिणीला तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, मोदकासाठी पिठी कशी दळून घ्यावी हे कोणी शिकवावे अशी स्थिती नाही. मात्र एक अडचण आहे. तांदळाचे कण पाणी सावकाश शोषतात, आणि घाईने भाजलेला स्कोन जिभेला कचकचीत लागतो. म्हणून पिठी कोरडी न मिसळता ती दह्यात वीस मिनिटे भिजत ठेवावी. तोवर मैद्याला लोणी चोळून होते, आणि तांदूळ मऊ पडला तरी ग्लुटेनचे भय नसल्याने भिजण्याचा काही तोटा होत नाही.

आता लिंबाकडे वळू. लिंबाच्या कुळाचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसामचा पूर्व भाग, ब्रह्मदेशाचा उत्तर भाग आणि चीनचा युनान प्रांत यांच्या परिसरात झाला, असा निष्कर्ष २०१८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने काढला. महाळुंग, पपनस आणि मूळची संत्री हे या कुळाचे प्रमुख पूर्वज होत. पिवळे लिंबू हे कडू नारिंग आणि महाळुंग यांच्या संकराचे अपत्य, आणि आपले कागदी लिंबूही एका रानटी जातीचा महाळुंगाशी संकर होऊन जन्मास आलेले आहे. गणपतीच्या दिवसांत बाजारात दिसणारे पपनस आणि परसातले कागदी लिंबू यांचे हे दूरचे नाते सालीच्या रचनेतही प्रत्ययास येते. सालीच्या अगदी वरच्या रंगीत थरात तेलाच्या सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्याखाली पांढरा, स्पंजासारखा थर असतो. सुगंध वरच्या थरात राहतो आणि कडवटपणा खालच्या. हा कडवटपणा काही अंशी विलंबाने प्रकट होतो, कारण पांढऱ्या थरातील एक बेचव द्रव्य फळाचे पेशीजाल फुटून आम्लाच्या सान्निध्यात आल्यावरच लिमोनिन या कडू द्रव्यात रूपांतरित होते; तयार केलेले सरबत काही तासांनी कडवट लागते त्यामागे हेही एक कारण असते. कागदी लिंबाची साल तर अतिशय पातळ. म्हणून बारीक किसणीवर लिंबू एकदाच, हलक्या हाताने फिरवावे आणि पांढरे दिसताच थांबावे.

सालीतील या तेलात लिमोनीन असते, आणि त्याच्या मानाने अल्प प्रमाणात सिट्रल. तरीही लिंबाला लिंबाचा वास येतो तो मुख्यतः या अल्प सिट्रलमुळेच. नावांत साम्य असले तरी सुगंधी लिमोनीन हे कडू लिमोनिनापासून निराळे द्रव्य आहे. ही सुगंधी द्रव्ये पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, स्निग्ध पदार्थात मात्र सहज विरघळतात. दोन लिंबांचा कीस साखरेत घालून बोटांच्या टोकांनी चोळला, तर साखरेच्या धारदार स्फटिकांनी तेलाच्या पिशव्या फुटतात. साखर ओलसर होते, तिच्यावर फिकट हिरवी झाक चढते आणि सारे स्वयंपाकघर दरवळून जाते. ही साखर लोणी चोळलेल्या मैद्यात गेली की तेल लोण्यात मुरते आणि भट्टीच्या उष्णतेतही त्यातील पुष्कळसा भाग तेथेच आश्रयाला राहतो. नुसता रस घालून सुगंधाची अपेक्षा करणारे निराश होतात ते याचमुळे: रसाचे काम निराळे आहे.

ते काम आम्लाचे. स्वीडनमधील कार्ल विल्हेल्म शेले याने १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्ल स्फटिकरूपाने वेगळे केले. या आम्लाचा एक रेणू खाण्याच्या सोड्याच्या तीन रेणूंना निष्प्रभ करतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. याचा जमाखर्च मांडता येतो. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर, लिंबाच्या रसात साधारण १ ग्रॅम आम्ल असते आणि ते सुमारे १.३ ग्रॅम सोडा खर्ची घालते. १०० ग्रॅम आंबट दह्यातील लॅक्टिक आम्ल आणखी सुमारे ०.९ ग्रॅम. दोन्ही मिळून २.२ ग्रॅम सोडा पुरेपूर वापरला जातो, म्हणजे सपाट अर्धा लहान चमचा. आणि त्यातून सहाशे मिलिलिटरहून अधिक वायू निघतो. आम्ल अजिबात नसेल तर सोडा उष्णतेने फुटतो खरा, परंतु वायू निम्माच देतो, आणि मागे उरलेल्या सोडियम कार्बोनेटमुळे साबणासारखी चव व पिवळे डाग येतात. उलट आम्ल वाजवीपेक्षा अधिक झाले, तर साखर आणि प्रथिने यांच्यातील ज्या अभिक्रियेने भाजलेल्या पदार्थाला तपकिरी रंग येतो, आणि जिचे वर्णन लुई-कामिय मायार याने १९१२ मध्ये केले, ती मंदावते आणि स्कोन शिजूनही फिका राहतो.

या साऱ्या कारणांची सांगड घातली की कृती आपोआप सिद्ध होते. मैदा २०० ग्रॅम, त्यात सोडा आणि चिमूटभर मीठ चाळून घ्यावे. ६० ग्रॅम थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळून, लिंबाच्या किसाची ५० ग्रॅम साखर मिसळावी. ५० ग्रॅम पिठी भिजवलेले दही आणि अगदी शेवटी लिंबाचा रस घालून, लागेल तर चमचाभर दुधाने, गोळा केवळ एकत्र येईल इतपतच जमवावा. रस आणि सोडा यांची भेट होताच वायू सुटू लागतो, म्हणून विसाव्याला अवकाश नाही: दोन बोटे जाडीचा थर थापून, धारदार सुरीने सरळ कापून, आधीच २०० ते २२० अंशांना तापलेल्या भट्टीत तुकडे ठेवावेत. पंधरा ते वीस मिनिटे पुरतात. भट्टी नसेल तेथे जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर, त्यावर तिवई आणि वर घट्ट झाकण, अशी योजना चालते. उष्णता कमी पडते म्हणून वेळ अधिक द्यावा, आणि धोंडसाचा दस्तूर स्मरून झाकणावर निखारे ठेवल्यास वरच्या बाजूला रंगही येतो.

हाच हिशेब हाती असला म्हणजे फळ बदलता येते. जालन्याच्या मोसंबीची किंवा नागपूरच्या संत्र्याची साल किसून घातली तर सुगंध उत्तम येईल, परंतु मोसंबीच्या रसात आम्ल फारच थोडे. लिंबाच्या चमच्याऐवजी तोच घातला तर निम्म्याहून अधिक सोडा खर्चावाचून पडून राहील. तेव्हा एक तर सोडा पाव चमच्यावर आणून फुगवटा कमी स्वीकारावा, किंवा रंग व साल मोसंबीची ठेवून आम्लापुरता लिंबाचा रस तसाच राखावा. मला दुसरा मार्ग अधिक ग्राह्य वाटतो; कारण परसातले कागदी लिंबू, घरचे दही आणि स्वतःच्या शेतातला तांदूळ एवढी सामग्री ज्या घरात आहे, त्या घराला या पदार्थासाठी बाजारातून मैद्याखेरीज फारसे काही आणावे लागत नाही.