अ, ॲन, द आणि आपली मराठी

इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेत आपण कला शाखेचे विद्यार्थी अडखळतो ते मोठमोठ्या शब्दांपाशी नव्हे, तर 'अ', 'ॲन' आणि 'द' या तीन इवल्याशा शब्दांपाशी. यांनाच उपपदे म्हणतात. "आपल्या भाषेत उपपदेच नाहीत, मग ती आपल्याला यावीत कशी?" असे म्हणून पुष्कळजण हात टेकतात आणि भाजीत मीठ टाकावे तशी ती अंदाजाने टाकू लागतात. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. उपपद मराठीत नसले, तरी त्यामागचा विचार मराठीत पुरेपूर आहे.

ही दोन वाक्ये पाहा. "मी डॉक्टर शोधतो आहे." "मी डॉक्टरांना शोधतो आहे." पहिल्या वाक्यात कोणताही डॉक्टर चालेल, दुसऱ्यात ठरावीक डॉक्टर हवे आहेत आणि ते कोणते, हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक आहे. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी 'अ डॉक्टर' येईल, दुसऱ्या ठिकाणी 'द डॉक्टर'. जे काम आपण एका प्रत्ययाने करतो, तेच इंग्रज उपपदाने करतो. कधी आपण ते शब्दांच्या क्रमानेही साधतो. "पारावर म्हातारा बसला होता" यातला म्हातारा नवखा आहे. "म्हातारा पारावर बसला होता" म्हटले की तो ओळखीचा होतो. गोष्टीत प्रथम 'एक राजा' येतो आणि पुढच्याच वाक्यात 'त्या राजाला' मुलगा नसतो.

हा 'एक' आणि 'तो' यांचा खेळच इंग्रजीच्या मुळाशी आहे. 'ॲन' हे 'वन' या शब्दाचेच झिजलेले रूप होय आणि 'द' व 'दॅट' हे एकाच मुळातून निघालेले आहेत. उपपदे नसणे हे भाषेचे उणेपणही नव्हे. संस्कृत, लॅटिन, रशियन या समर्थ भाषांत ती नाहीत. १९३९ साली आपल्या वाशीमला सापडलेला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट संस्कृत आणि प्राकृत अशा दोन भाषांत आहे. त्या दोन्ही भाषांचे उपपदांवाचून काही अडले नाही.

तेव्हा पहिला नियम असा : 'कोणता?' हे वाचणाऱ्याला ठाऊक असेल तर 'द', नसेल आणि वस्तू मोजता येणारी व एकच असेल तर 'अ' किंवा 'ॲन'. या दोहोंतली निवड अक्षरावर नव्हे, उच्चारावर ठरते. 'ॲन अवर', कारण तेथे 'ह' उच्चारला जात नाही. 'अ युनिव्हर्सिटी', कारण आरंभी 'य' ऐकू येतो. म्हणूनच पदवीधर हा 'अ बी.ए.' असतो आणि पुढे शिकला की 'ॲन एम.ए.' होतो.

मराठीचा कान जेथे पुरत नाही, अशा जागा मात्र ध्यानात ठेवाव्या लागतात. "माझे वडील शेतकरी आहेत" यात आपण 'एक' घालीत नाही. इंग्रजीत 'अ फार्मर' म्हणावेच लागते. विदर्भात कापूस पिकतो असे सांगताना नुसते 'कॉटन' पुरते, पण या गाडीतला कापूस म्हणताना 'द कॉटन' हवे. नदीला उपपद लागते, गावाला नाही : 'द पैनगंगा', पण 'वाशीम'. विद्यार्थी शिकायला जातो तेव्हा 'टु स्कूल' आणि त्याचे वडील फी भरायला जातात तेव्हा 'टु द स्कूल'.

एवढ्याशा शब्दाने काय बिघडते, असे कोणी विचारील. एखाद्या मंडळाच्या कागदावर 'द सेक्रेटरी अँड ट्रेझरर' यांनी सही करावी असे लिहिले, तर चिटणीस व खजिनदार ही एकच व्यक्ती ठरते. 'द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर' म्हटले की दोन माणसे आणि दोन सह्या आल्या. तसेच 'अ फ्यू फ्रेंड्स' म्हणजे थोडे का होईनात मित्र आहेत. 'फ्यू फ्रेंड्स' म्हणजे जवळजवळ नाहीतच. नोकरीच्या अर्जात, करारात किंवा संस्थेच्या घटनेत असा एक शब्द गळला तर अर्थच पालटतो. तेथे परीक्षकाचा अर्धा गुण जात नाही, व्यवहार जातो.

नियमांची यादी पाठ करण्यापेक्षा एक सवय लावून घ्यावी, असे मला वाटते. इंग्रजी लिहिताना प्रत्येक नामापाशी क्षणभर थांबून, हेच वाक्य मराठीत आईला सांगताना आपण 'एक' म्हटले असते, की 'तो', की काहीच नाही, हे मनाशी विचारावे. दहापैकी सात वेळा उत्तर आपल्याच भाषेतून मिळेल. उरलेल्या तीन वेळांसाठी व्याकरणाचे पुस्तक आहेच.