टाऊच्या पिळात डोकावणारी प्रयोगशाळा

अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूत टाऊ नावाच्या प्रथिनाचे तंतू साचतात. हे तंतू जोडीने पीळ घातलेले असतात, हे मायकेल किड यांनी 1963 मध्ये दाखवले. पण त्या पिळाच्या आत प्रथिनाची साखळी नेमकी कशी दुमडलेली असते, हे कळायला 2017 साल उजाडले. ते दाखवले केंब्रिजच्या एमआरसी लॅबोरेटरी ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजीने.

क्ष-किरणांनी रेणूची पूर्ण रचना काढायची तर स्फटिक लागतो, आणि हे तंतू स्फटिक होत नाहीत. साखळ्या एकमेकींवर 4.7 अँगस्ट्रॉम अंतराने रचलेल्या आहेत, एवढेच क्ष-किरणांनी सांगितले होते. म्हणून क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. 3 मिलिमीटर व्यासाच्या जाळीवर नमुन्याचा थेंब ठेवायचा, जादा पाणी टिपकागदाने टिपायचे आणि जाळी तत्क्षणी द्रव इथेनमध्ये बुडवायची. पाणी इतक्या झटकन गोठते की बर्फाचे स्फटिक धरतच नाहीत. तंतू होते तसे राहतात.

इलेक्ट्रॉनांचा मारा वाढवला तर नमुना जळतो, कमी ठेवला तर चित्र धूसर येते. अशा हजारो धूसर तुकड्यांची सरासरी काढण्याचे काम स्योर्स श्चेरेस यांची 'रेलिऑन' ही संगणकप्रणाली करते. इथे पीळच मदतीला येतो, कारण एकाच तंतूत रेणू सगळ्या बाजूंनी दिसतो. मात्र चित्र 4.7 अँगस्ट्रॉमपेक्षा बारीक झाले नाही, तर थर एकमेकांत मिसळतात आणि चुकीची रचनाही पटण्याजोगी वाटू शकते. श्चेरेस आणि मिशेल गोएडर्ट यांचा गट 3.4 अँगस्ट्रॉमपर्यंत पोचला, म्हणूनच इंग्रजी 'सी'च्या आकाराच्या दोन घड्या निःसंशय दिसल्या. पुढल्याच वर्षी पिक या मेंदूच्या दुसऱ्या एका आजारातल्या टाऊची घडी निराळी निघाली. प्रथिन तेच, आजार वेगळा आणि घडीही वेगळी. मला या साऱ्या कामातला हा सर्वांत मोठा शोध वाटतो.

पण मेंदूत सापडतो तो तयार तंतू. त्याआधीचे पुंजके छोटे, एकसारखे नसलेले आणि अल्पजीवी. सरासरी काढायची तर सारख्या प्रती हव्यात. मग याच प्रयोगशाळेने परीक्षानळीत टाऊ जुळू दिला आणि ठरावीक वेळाने त्याचे नमुने गोठवले. 2024 मध्ये 'नेचर'मध्ये छापलेल्या या कामात सुरुवातीचा एक तंतू सापडला. त्यात साखळीतली 302 ते 316 या क्रमांकांचीच अमिनो आम्ले शिस्तीत बसलेली होती. काही तासांत तो नाहीसा होतो आणि त्याच्या जागी इतर घड्या येतात. मृत्यूनंतर मिळणाऱ्या मेंदूत बहुधा आजाराचा अखेरचा टप्पाच हाती लागतो, त्यामुळे असा क्षणिक तंतू तिथे गाठणे फार कठीण आहे.