खाऱ्या टाकीतलं शेवाळ

सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये हौसेनं प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, दिवाळीला गावी जाऊन आलात, आणि बघता तर काय, दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ! प्रवाळ त्याखाली गुदमरतात, म्हणून वेळीच आवरायला हवं.

शेवाळ वाढतं उजेडावर आणि खतावर. खत म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट. बरंचसं येतं जास्तीच्या खाण्यातून, काही नळाच्या पाण्यातून. सिंगापूरच्या नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असतं. पाणी रात्रभर उघडं ठेवून ते जात नाही. औषधानं तोडलं तर अमोनिया सुटतो, आणि टाकीतले जिवाणू त्याचंच नायट्रेट करतात. म्हणून मीठ कालवायला आणि आटलेल्या पाण्याची भर घालायला आरओ-डीआय फिल्टरचंच पाणी घ्या.

फ्रोझन खाणं गाळणीत धुऊन, दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला. दिवे 8 तास पुरेत. टाकी खिडकीच्या उन्हात नको. शेवाळ हातानं उपटा, उरलेलं टूथब्रशनं घासा, आणि आठवड्याला 10 टक्के पाणी बदलताना तो गाळ नळीनं ओढून घ्या. टर्बो गोगलगायीही मदतीला येतात.

मात्र फॉस्फेट शून्यावर नेऊ नका, प्रवाळांनाही ते थोडं लागतंच. फरक दिसायला काही आठवडे जातात, धीर धरा.

आणि पुढच्या वेळी गावी जाताना शेजाऱ्यांच्या हाती खाण्याची अख्खी डबी देऊ नका. एकेका दिवसाच्या पुड्या बांधून द्या!