गिअर का चुकतो?

घाटात एखाद्या मोटारीतून 'कर्रर्र' असा आवाज आलेला तुम्ही ऐकला असेल. चालकाने दांडी ओढली; पण गिअर पडला नाही. असे का होते?

इंजिन आणि चाके यांच्यामध्ये गिअरपेटी असते. तिच्यात लहानमोठी दातेरी चक्रे वेगवेगळ्या गतीने फिरतात. गिअर बदलायचा म्हणजे एका चक्राशी असलेली जोड सोडवून दुसऱ्याशी जोडायची. दोन्ही भागांची गती सारखी नसेल, तर दाते एकमेकांत बसत नाहीत, नुसते घासतात. पूर्वी चालक क्लच दोनदा दाबून ही गती स्वतः जुळवत असे. १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत ती आपोआप जुळवण्याची सोय आली. गिअरपेटीतील कडी घर्षणाने हे काम करतात. पण त्यांना क्षणभर वेळ हवा. क्लच अर्धवट दाबला किंवा घाईने दांडी रेटली, की गिअर चुकलाच!

आणखी एक गंमत पाहा. पाच गिअरच्या बहुतेक मोटारींत दांडी मोकळी सोडली, की स्प्रिंगमुळे ती तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या रांगेत येते. तिसरा टाकताना जो दांडी मुठीत आवळून बाजूला ढकलतो, तो भलत्याच गिअरमध्ये जातो. इथे जोर नको, हलका हात हवा.

सपाट रस्त्यावर ही चूक निभावते. बोरघाटाच्या उतारावर मात्र गिअर निसटला, तर इंजिनाची रोखणारी ओढ संपते. सारा भार ब्रेकवर पडतो आणि ब्रेक तापत जातात. म्हणून जाणता चालक उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून ठेवतो.